वर्गणीच्या वहीतली लाल रेघ

वाचकाचे पत्र

आदरणीय सर,

सप्रेम सलाम. निपाणीजवळच्या एका गावात आमची चाळीसएक घरांची मराठी ख्रिस्ती मंडळी आहे. मी निवृत्त शिक्षिका असून महिला मंडळाच्या वतीने कमिटीवर आहे. गेल्या मीटिंगमध्ये चर्चच्या छपराची कौले बदलण्याचा विषय चालला असताना मी एवढेच म्हणाले की, जे आपल्यातून तुटले आणि ज्यांच्यापर्यंत आपण कधी गेलोच नाही, त्यांच्या आत्मिक अन्नाची काही सोय मंडळीने करायला हवी. त्यावर आमचे खजिनदार म्हणाले, "ताई, चर्च म्हणजे काय खानावळ आहे? दर रविवारी दार उघडे असते. ज्याला भूक असेल तो येईल." सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र माणसे होती. कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत जाणारा एक मुलगा माझाच विद्यार्थी. तो दारूच्या नादी लागला, वर्गणी थकली, आणि एका रविवारी सूचना देताना थकबाकीदारांच्या यादीत त्याचे नाव मोठ्याने वाचले गेले. त्यानंतर तो आलेला नाही. वर्गणीच्या वहीत त्याच्या नावावर लाल रेघ मारून पुढे 'कमी केले' असे लिहिले आहे. दुसऱ्या एक विडी वळणाऱ्या मावशी आहेत. त्या हल्ली दुसऱ्या एका प्रार्थनागटात जातात म्हणून आमच्या बायका त्यांच्याशी धड बोलत नाहीत. शिवाय बीडकडून येणारी ऊसतोडीची टोळी. दर वर्षी नाताळात आमची गाणी ऐकायला त्यांची मुले खिडकीशी येऊन उभी राहतात. यंदा त्यांना जेवायला बोलवावे असे मला वाटते, पण धर्मांतराच्या कायद्याचे दिवस आहेत, उगाच लफडे नको, असे बाकीचे म्हणतात. त्यातच तरुण मुलांना बायबलचे वचन कानडीत हवे आहे आणि वडीलधाऱ्यांना ते चालत नाही.

हे खरोखरच मंडळीचे कर्तव्य आहे की माझी हौस? कर्तव्य असेल तर सुरुवात कुठून करू?

एक भगिनी, निपाणी भाग

उत्तर

ताई, सप्रेम सलाम.

कर्तव्य आहे. कौले, वर्गणी, ऑडिट, नाताळचा मांडव ही सगळी कामे ज्याच्यासाठी करायची ते मूळ काम हेच आहे, त्यामुळे ते कमिटीच्या विषयपत्रिकेत शेवटून दुसऱ्या क्रमांकावर टाकण्यासारखे नाही. तुमच्या खजिनदारांचे वाक्य मी हसण्यावारी नेत नाही, कारण सीमाभागातल्या कितीतरी कमिट्यांमध्ये ते वेगवेगळ्या शब्दांत बोलले जाते आणि बोलणारी माणसे बहुधा वाईट नसतात. त्यांनी वर्षानुवर्षे पहाटे उठून चर्चची कुलपे उघडलेली असतात, अडीनडीला विजेचे बिल स्वतःच्या खिशातून भरलेले असते, आणि दार उघडे ठेवले की आपल्याकडून देवाचे काम झाले असे त्यांना मनापासून वाटत असते. पण शास्त्र त्यांच्या बाजूने बोलत नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू समुद्राच्या काठी शिष्यांना आधी मासळी आणि भाकर खायला घालतो, न्याहारी आटोपल्यावर पेत्राला तीनदा विचारतो की तुझी माझ्यावर प्रीती आहे काय, आणि तिन्ही वेळा त्याने होय म्हणताच त्याच्या हाती एकच काम देतो, मेंढरे चारण्याचे आणि पाळण्याचे. आपल्याला तीनदा नाकारणाऱ्या माणसाला परत घेताना प्रभूने त्याच्या मागच्या बाकीचा हिशेब काढला नाही, त्याला आधी जेवू घातले. हा अध्याय पुढच्या मीटिंगच्या आरंभी, प्रार्थनेआधी, खजिनदारांनाच वाचायला सांगा.

यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय याहून कडक आहे. दुर्बळांना बळ दिले नाही, रोग्यांना बरे केले नाही, जखमींना पट्टी बांधली नाही, बहकलेल्यांना परत आणले नाही, हरवलेल्यांचा शोध केला नाही, असा मेंढपाळांवरचा आरोप तिथे एकामागून एक मांडला आहे. हा भाग पाळकांवर, म्हणजे पाद्र्यांवर, बोट ठेवण्यासाठी पुष्कळदा वापरला जातो. त्याच अध्यायात थोडे पुढे धष्टपुष्ट मेंढरांचाही समाचार घेतला आहे, आणि तो आपण सोयीने गाळतो. ही मेंढरे स्वतः चांगले चारण खातात आणि उरलेले पायाखाली तुडवतात, निवळ पाणी पिऊन राहिलेले गढूळ करतात, आणि दुबळ्यांना कुशीने व खांद्याने रेटून शिंगांनी बाहेर घालवतात. उपासनेच्या मध्यावर, बायकापोरांसमोर, एका कर्जबाजारी पोराचे नाव थकबाकीत वाचणे याला माझ्या मते शास्त्रातले हेच वर्णन लागू पडते. ज्याने वाचले त्याच्या मनात तसे नसेलही. रेटा मात्र बसला.

हरवलेले म्हणजे कोण, हे आधी नीट पाहू, कारण इथे गल्लत झाली की पुढचे सगळे चुकते. लूकच्या पंधराव्या अध्यायावरचा उपदेश आपण वर्षातून निदान एकदा ऐकतो, पण तो अध्याय ज्या तक्रारीवरून सुरू होतो तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. परूशी आणि शास्त्री हे यहुदी धर्मपुढारी कुरकुर करतात ती येशूच्या शिकवणीबद्दल नसून त्याच्या पंक्तीबद्दल आहे: हा पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून मेंढराचा, नाण्याचा आणि मुलाचा असे तीन दाखले येतात. त्यांपैकी मेंढरू रानात हरवते आणि मुलगा दूर देशी जातो, पण नाणे हरवते ते घरातच, आणि ते स्वतःहून कुठे गेलेले नसते, कोणाच्या तरी हातून पडलेले असते. म्हणून ती बाई दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत शोधते. तुम्ही लिहिलेल्यांपैकी फाउंड्रीतला मुलगा आणि विडीवाल्या मावशी ही तुमच्याच घरात पडलेली माणसे आहेत. त्यांच्यासाठी बाहेरचा वक्ता बोलावून तीन दिवसांच्या सभा भरवण्याची, मांडव घालण्याची आणि कर्णे लावण्याची काडीची गरज नाही. घर झाडायला हवे.

झाडायची सुरुवात वहीपासून करा. वर्गणीची वही हे मंडळीचे लज्जास्पद अंग आहे असे मी मानत नाही, उलट मंडळीतल्या प्रत्येक घराची दर महिन्याला नोंद ठेवणारी ती एकमेव जागा आहे. हीच गोष्ट इंग्लंडात एकदा फार चांगल्या रीतीने उमगली होती. १७४२ मध्ये ब्रिस्टल शहरातल्या मेथडिस्ट पंथाच्या लोकांना आपल्या सभागृहाचे कर्ज फेडायचे होते, तेव्हा त्या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्यासमोर असा तोडगा निघाला की, प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा-बारा जणांमागे एकाने घरोघर जाऊन ती गोळा करावी. गरिबांना हे झेपणार नाही असे कोणी म्हणताच कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सांगितले की, सगळ्यांत गरीब असे अकराजण माझ्या वाट्याला द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, त्यांनी दिले तर ठीक, नाही दिले तर त्यांचे मीच भरीन. पैसे गोळा करायला ही माणसे दर आठवड्याला घरात शिरू लागली आणि तिथे काय चालले आहे ते त्यांना दिसू लागले: कोण दारूत बुडाला आहे, कुठे नवराबायकोचे पटत नाही, कोण प्रार्थना करायची विसरला आहे. वेस्लीने ते ऐकले आणि वसुलीच्या त्या फेरीचेच आत्मिक देखभालीच्या वर्गात रूपांतर केले. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये काम सुरू केले आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्टांच्या हाती आले, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही गोष्ट घरचीच म्हणायला हवी. निपाणीच्या वरच्या अंगाला, कोल्हापुरात, १८५२ पासून अमेरिकन मिशनरी काम करत होते, आणि १८७० मध्ये ते काम प्रेसबिटेरियन पंथाकडे आले. तुमची मंडळी त्या बाजूची असली तरी वही तुमच्याकडेही आहेच.

तेव्हा पुढच्या मीटिंगला गेल्या पाच-सहा वर्षांची वही मागून घ्या आणि लाल रेघ मारलेली सगळी नावे वेगळ्या कागदावर उतरवा. काही वारले असतील, काही मुली लग्न होऊन गेल्या असतील, काही कुटुंबे पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला पोटासाठी गेली असतील. ती बाजूला ठेवल्यावर गावातच राहणारी पण मंडळीच्या लेखी नसलेली जी नावे उरतील, तीच तुमची पहिली यादी. त्यातल्या प्रत्येक घरामागे दोन माणसे नेमा. दोघांनी नेहमी बरोबर जावे, दर वेळी तीच दोन माणसे जावीत, ठरलेल्या वारी जावीत, आणि त्यांच्यापैकी कोणीही वर्गणी गोळा करणारा नसावा. 'अलीकडे दिसत नाही' हे वाक्य उंबऱ्याबाहेर ठेवावे. चहा दिला तर प्यावा, कारण गरिबाच्या घरी चहा नाकारण्यासारखा अपमान नाही. अर्धा तास बसावे, त्यातली वीस मिनिटे ऐकावे, मग घरच्यांची हरकत नसेल तर एखादे लहानसे स्तोत्र वाचावे, कशासाठी प्रार्थना करू असे विचारावे, त्यांनी सांगितले तेवढ्यासाठीच प्रार्थना करावी आणि उठावे. त्या घरात जे ऐकले ते दुसऱ्या कुणाच्या कानावर जाता कामा नये. प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली एखाद्या घरची भांडणे मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याइतके नुकसान आपल्या मंडळ्यांचे दुसऱ्या कशाने झाले असेल असे मला वाटत नाही, आणि गंमत म्हणजे खाली वीसजण हात जोडल्याची चित्रे टाकून मोकळे होतात.

हे सगळे म्हणजे आत्मिक अन्न कसे, असे कोणी विचारील. आमोसाच्या आठव्या अध्यायात देव देशावर दुष्काळ पाठवण्याचे बोलतो, आणि तो दुष्काळ भाकरीचा किंवा पाण्याचा नसून परमेश्वराची वचने ऐकायला न मिळण्याचा आहे. वचन तर आज मोबाइलवर फुकट मिळते, शंभर वक्ते चोवीस तास बोलत असतात. पण आपल्या नावाने आपली चौकशी करून, आपल्या दुखण्यापाशी थांबून वाचलेले वचन त्या मोबाइलमध्ये नसते. भरवणे म्हणजे वचन, प्रार्थना, प्रभूची मेज म्हणजे प्रभुभोजन, आणि विश्वासणाऱ्यांची सोबत या चारही गोष्टी एकत्र आणि नियमाने मिळणे होय. आजाऱ्यांच्या आणि म्हाताऱ्यांच्या घरी पाळकसाहेबांनी प्रभुभोजन घेऊन जावे, ही प्रथा तुमच्याकडे मागे पडली असेल तर ती पुन्हा सुरू करायला सांगा. आणि वाचायचे ते त्या घराला समजेल अशा भाषेत वाचा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली ती याच हट्टापायी, की खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही ते कळले पाहिजे. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. ज्यांनी १८९६–९७ च्या दुष्काळात उपाशी मुलींना गाड्या भरभरून केडगावला आणले, त्यांनीच पुढे त्या मुलींच्या हातून छापखाना चालवला. भाकर आणि वचन ही दोन वेगळी खाती आहेत असे त्या बाईंना कधी वाटले नसावे.

आता तुमचा विद्यार्थी. त्याच्याकडे पहिली भेट सेक्रेटरींनी किंवा ज्याने यादी वाचली त्याने द्यावी, आणि ती क्षमा मागण्यासाठीच असावी. 'पण तूही तसा वागलास' ही पुरवणी जोडायची असेल तर न गेलेले बरे. पाळीचे काम करणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी साडेनऊला या म्हणण्यात अर्थ नसतो, रात्रपाळी करून तो त्या वेळी घरी येत असतो, तेव्हा त्याची साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या. दारूच्या बाबतीत एक गोष्ट जपून सांगतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने प्रार्थनेच्या भरात एका दिवसात सोडली तर हातपाय कापणे, भ्रम होणे, झटके येणे असे प्रकार होतात आणि क्वचित ते जिवावरही बेततात, म्हणून सोडण्याचा निर्धार त्याने देवासमोर करावा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. त्याच्याबरोबर दवाखान्यात जाणे हीदेखील भेटीची वेळच समजा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मोफत सभा पुष्कळ शहरांत भरतात, जवळपास कुठे भरत असेल तर पहिल्या वेळी त्याच्यासोबत कोणीतरी जावे. तुमच्याकडे प्रभुभोजनात न आंबवलेला द्राक्षांचा रस वापरत असतील तर प्रश्नच नाही. खरा द्राक्षारस, म्हणजे वाइन, वापरत असतील तर निदान हा मुलगा येईल त्या दिवसापासून ती बंद करा, एका माणसासाठी एवढे करायला प्रेषित पौलाचीही हरकत नसती. वहीतली लाल रेघ मात्र तो चर्चला आल्यावर पुसू असे म्हणू नका, त्याच्याकडे जाण्याआधीच त्याचे नाव पुन्हा लिहा आणि मागील बाकी कमिटीने माफ केल्याचा ठराव करा. ठरावाला विरोध झाला तर कॅप्टन फॉयची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनीतून एवढे भागेल.

मावशींबद्दल थोडक्यात. हजार विड्या वळून व्हायच्या तर दिवस मोडतो; मांडीवर सूप, एका हातात कात्री, पाठीला कळ, अशा बाईच्या दारी जो माणूस दर मंगळवारी येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, त्याच्याकडे ती गेली तर तिला बंडखोर म्हणता येत नाही. त्या गटाची शिकवण तपासण्याचे काम पाळकांचे आहे आणि औषधे बंद करा असे तिथे कोणी सांगत असेल तर तेवढे स्पष्ट बोललेच पाहिजे. बाकी तुमच्या महिला मंडळाने एक करावे. तिच्याकडे जाऊन बसावे, विड्यांना दोरा गुंडाळायला मदत करता करता एखादे भजन म्हणावे, आणि परत या असा आग्रह धरू नये.

भाषेचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिला आहे, पण मला तो मध्यभागी असावा असे वाटते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत जी पहिली मोठी कुरबूर होते ती भाकरीवरून आणि भाषेवरून, दोन्हींवरून एकदम होते: रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होते आणि हिब्रू बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना आमची भाषा शिका असे सांगितले नाही. मंडळीने सातजण निवडले, आणि त्या सातांची नावे वाचली तर ती सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्याच माणसांच्या हाती वाढण्याचा डाव दिला गेला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आपल्या भागात मराठी-कानडीच्या नावाने जे चालले आहे ते मी इथे उगाळत नाही, माझीही त्यात मते आहेत आणि ती सौम्य नाहीत. पण कानडी शाळेत शिकलेल्या नातवाला मराठी जोडाक्षरे वाचता येत नाहीत आणि आजीला कानडी उपदेश कळत नाही, अशा घराला कोणत्याही एकाच भाषेत वाढले तर कोणी ना कोणी उपाशी उठणार. एक शास्त्रपाठ मराठीत आणि एक कानडीत ठेवा, आणि कानडी पाठाची निवड व वाचन त्या मुलांकडेच सोपवा. प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत म्हणावी, दोन ओळी मागेपुढे झाल्या तर आकाश कोसळत नाही. गाणी मराठीच राहू द्या असे वडीलधारे म्हणतील, तर तेवढे त्यांचे ऐका.

आता टोळीविषयी. कोयत्यावर येणारी ही माणसे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अंगावर घेऊन येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे झोपड्या, बांधून राहतात, पहाटेच्या अंधारात तोडायला लागतात आणि शिमग्याच्या आसपास परततात. रविवार त्यांना नसतो. ती हरवलेली आहेत, असे मी म्हणतो ते एवढ्याच अर्थाने की, सहा महिने ती कोणत्याच गावाच्या हिशेबात नसतात. त्यांच्यात देव नाही अशा समजुतीने त्यांच्याकडे जाऊ नका. त्यांच्यातल्या कितीकांच्या गळ्यात तुळशीची माळ असेल आणि तुमच्या संडे स्कूलच्या मुलांना जितकी स्तोत्रे पाठ नसतील त्याहून अधिक अभंग त्यांच्या म्हाताऱ्यांना पाठ असतील. नारायण वामन टिळकांना हे कळले होते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणि भजनांत गायली, आणि १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारला तेव्हा त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना एकत्र बसण्याची मोकळीक ठेवली. १९१९ मध्ये ते गेले, त्यामुळे दरबाराचा पसारा फार वाढला नाही, पण खिडकीशी उभ्या राहिलेल्या मुलांचे काय करायचे याचे उत्तर त्यांनी देऊन ठेवले आहे असे मला वाटते. त्यांना आत बसवा. टाळ द्या हातात.

कायद्याची भीती पूर्णपणे निराधार नाही, म्हणून ती झटकून टाकू नका. संविधानाचे पंचविसावे कलम प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते, मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. आणि प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. कर्नाटकाचे धर्मांतरविरोधी विधेयक २३ डिसेंबर २०२१ रोजी विधानसभेत मंजूर झाले ते आपल्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्या कायद्यात बळजबरी आणि फसवणूक यांच्याबरोबर आमिषाचाही उल्लेख होता, आणि आमिषाच्या व्याख्येत भेटवस्तू, पैसा, नोकरी अशा गोष्टी मोडत होत्या. कार्यक्रम ठरवण्याआधी निपाणीच्या किंवा चिकोडीच्या एखाद्या जाणत्या वकिलाशी तासभर बोलून घ्या, आणि मुकादमाला व गावच्या पंचायत सदस्यालाही आधी सांगा. लपूनछपून केलेले जेवण संशयाला जागा देते.

पण कायदा नसता तरी मी तुम्हाला हेच सांगितले असते की, भाकरीला दोरा बांधू नका. भाकरीसाठी ख्रिस्ती झालेले, हा टोमणा आपल्या आजोबा-पणजोबांनी दुष्काळांपासून ऐकला आहे. तो पुष्कळदा अन्यायाचा होता, काही वेळा नव्हता. योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने पाच हजारांना जेवू घातले, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शोधत आले तेव्हा त्यांना तोंडावर सांगितले की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता, आणि मग जीवनाच्या भाकरीविषयी इतके अवघड बोलला की शिष्यांतलेही पुष्कळ मागे फिरले. त्याने कोणाला अडवले नाही, जाणाऱ्यांना आदल्या दिवशीच्या जेवणाच्या उपकाराची आठवणही करून दिली नाही. बारा जणांना मात्र विचारले, तुमचीही निघून जाण्याची इच्छा आहे काय? जेवण देताना त्याने अट घातली नव्हती आणि वचन सांगताना त्यात पाणी घातले नाही. तुमच्या मंडळीला याहून वेगळा मार्ग शोधण्याचे कारण नाही. टोळीतल्या कोणी स्वतःहून विचारले की तुम्ही कोणाची गाणी म्हणता, तर संकोच न करता, साध्या शब्दांत, येशूविषयी सांगा. लाजून गप्प बसणे हाही एक प्रकारे उपाशी ठेवण्याचाच मार्ग आहे. कोणी विचारले नाही तर गाणी म्हणा आणि वाढा.

छपराच्या फंडाविषयी मी भांडणार नाही, गळक्या छपराखाली उपासना करावी असे मला मुळीच वाटत नाही. भेटींना पैसा फारसा लागत नाही. खजिनदारांना या कामाबाहेर ठेवू नका, उलट भेटीच्या पहिल्या जोडीत त्यांचेच नाव घाला, फक्त फाउंड्रीतल्या मुलाचे घर त्यांना सध्या देऊ नका. आजारी आणि म्हाताऱ्यांची दोन घरे द्या, ज्यांना दार उघडे असूनही चालत येता येत नाही.

आणि नाताळच्या जेवणाचे ठरलेच, तर वेळ संध्याकाळी उसाच्या गाड्या रिकाम्या झाल्यावरची ठेवा, दुपारची ठेवलीत तर फक्त लहान मुले येतील. मंडळीसाठी जे शिजेल तेच त्यांना वाढा, वेगळे पातेले नको, आणि पंगत मिसळून बसवा. फक्त माळकरी असतील त्यांच्यासाठी शाकाहारी स्वयंपाक निराळ्या चुलीवर करा आणि तसे त्यांना आधी सांगा. जेवणाआधी आपण नेहमी करतो ती उपकारस्तुतीची प्रार्थना जरूर करा, जेवणानंतर उपदेश ठेवू नका, पत्रके वाटू नका, नावे लिहून घेऊ नका, आणि वाढतानाचे फोटो कोणीही काढणार नाही हे कमिटीत आधीच ठरवून घ्या.